खंडेनवमीला फिरतं राहिलेलं चाक

आमच्या वर्कशॉपमधलं चाक फिरताना दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ठाण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका शेडमध्ये मी नोकरीला होतो. मी इंजिनीअर. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मीच, आणि हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो. बाप खाडीत होडी मारायचा, आई मासे विकायची. त्यांच्यापैकी कुणालाही माझा अर्ज भरता आला नव्हता, फी मात्र एकदाही चुकली नव्हती. बाप मी शेवटच्या वर्षाला असताना गेला. नोकरी लागल्यावर मी डोंबिवलीत भाड्याने एक खोली घेतली आणि आईला तिकडे नेलं. पण तिचा धंदा ठाण्यातच राहिला. रोज पहाटे उठून ती परत खाडीवर यायची. "बसून खायची सवय नाय मना," म्हणायची.

तर ते चाक. आमचे शेठ स्वतः जुने इंजिनीअर होते आणि बॅटरीवर चालणारी तीनचाकी बांधण्याचा त्यांना नाद लागलेला. तेव्हाच्या बॅटऱ्या जड आणि सुस्त. सपाट रस्त्यावर गाडी बरी पळायची, पुलाचा चढ आला की धापा टाकायची. त्यावर शेठनी उपाय काढला होता फ्लायव्हीलचा. शिलाई मशीनवरून पाय काढला तरी तिचं चाक काही वेळ फिरत राहतं, तीच गंमत, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. मागच्या सीटखाली पोळपाटाएवढं, पण चार बोटं जाडीचं पोलादी चाक बसवलेलं. ब्रेक मारला की गाडीचा वेग वाया न जाता त्या चाकात जायचा, आणि चढाला चाक तो परत द्यायचं. हवेचा अडथळा नको म्हणून चाक एका बंद डब्यात ठेवलेलं आणि डब्यातली हवा पंपाने काढून घेतलेली. हवाच नाही, मग आवाज कुठला? एकदा वेग दिला की वीज बंद करून निघून जा, दुसऱ्या दिवशी या, चाक आपलं फिरतंच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, झाकण लावलेला डबा पडलाय.

आता यातली भीती. बॅटरी फुटली तर ॲसिड सांडेल, कपडे जळतील, फार तर हात भाजेल. मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक फुटलं तर त्याचे तुकडे आडवे सुटणार, चहूबाजूंनी, बसलेल्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. ते तुकडे अडवायला डब्याभोवती एक जाडजूड पोलादी कडं घातलेलं. कड्याचं गणित मी केलेलं आणि माझा त्या गणितावर विश्वास होता. पण कागदावरचं कडं वेगळं आणि खरं कडं वेगळं. खरं कडं टिकतं का हे कळायला एकच मार्ग होता. खड्ड्यात एक चाक मुद्दाम फुटेपर्यंत पळवायचं आणि कड्याचं काय होतं ते बघायचं.

चाक एकच होतं. ते फोडलं तर गाडीत काय बसवणार?

"शेठ, कडं तपासायचं राहिलंय," मी म्हणालो होतो.

"दिवाळीनंतर दुसरं चाक लेथवर टर्न करून घेऊ, मग फोड हवं तेवढं," शेठ म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

त्याआधीच गाडी शेडच्या अंगणात फिरायला लागली. चालवायला एक ड्रायव्हर होता. पूर्वी टेम्पो चालवायचा, शहाडला राहायचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. गप्पिष्ट माणूस. गाडीला तो 'मुकी' म्हणायचा. "मुकीला घेऊन एक राउंड मारतो, साहेब," म्हणायचा आणि अंगणात गोल गोल फिरायचा. मी कोपऱ्यातल्या जुन्या भिंतीमागे टेबल टाकून रीडिंग घ्यायचो. वायर तिथपर्यंत ओढून घेतलेली. सावली असते म्हणून, असं मी सांगायचो.

मग खंडेनवमी आली.

आमच्या इस्टेटमध्ये त्या दिवसाचं महत्त्व दिवाळीपेक्षा जास्त. आदल्या दिवशी सगळी मशिनं रॉकेलने पुसायची, जमिनीवरचं ऑइल भुशाने काढायचं. नवमीला मेन स्विच खाली. लेथ बंद, ड्रिल बंद, साधा ग्राइंडरही चालवायचा नाही. यंत्राला विश्रांती. मग हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, आणि प्रत्येकाने घरच्यांना घेऊन यायचं. वर्षभर नवरा किंवा मुलगा जिथे राबतो ती जागा बायामाणसांना त्या एका दिवशी बघायला मिळायची.

त्याच दुपारी मुंबईहून तीन पाहुणे येणार होते. त्यांनी होकार दिला असता तर अशा आणखी गाड्या बांधायला मिळाल्या असत्या. त्यांना गाडी चढावर पळताना दाखवायची म्हणजे चाक वेगात हवं. आणि आमच्या तुटपुंज्या मोटरवर त्याला वेग द्यायला अर्धा दिवस लागायचा. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही चाक फिरवून ठेवलं. सकाळी मेन स्विच खाली आला तेव्हा शेठ हात झाडत म्हणाले, "चला, सगळं बंद." कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही. स्विच खाली, आवाज नाही, म्हणजे यंत्र बंद. इतक्या वर्षांची सवय ती.

मी आईला आणलं होतं. खरं सांगायचं तर तिनेच हट्ट धरला. आधीच्या दोन वर्षी मी काहीतरी कारण काढून तिला टाळलेलं. ती आली ते ठेवणीतलं जांभळं नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा, नाकात मोठी नथ. शेडच्या दारात तिने चपला काढल्या आणि अनवाणी आत आली. कुणी सांगितलं नव्हतं.

शेठनी तिचं कौतुक केलं. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून गाडीची पूजा तिच्याच हातून करवली. तिने मागची सीट उचलून दाखवलेल्या डब्याला हळदकुंकू लावलं, झाकणावर हार ठेवला आणि तळवा टेकून नमस्कार केला. तिच्या तळव्याखाली एका बोटाच्या अंतरावर ते चाक फिरत होतं. मी बाजूला उभा होतो, हातात प्रसादाची थाळी.

"हेच का तुजं चाक?" तिने विचारलं.

"हो."

"गप गरीब दिसतंय रं."

सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, म्हणून तर मुकी म्हणतो हिला."

जेवणं झाल्यावर पाहुणे आले. शेठनी गाडी बाहेर काढायला सांगितली. ड्रायव्हर पुढे बसला. शेठचा मूड फार छान होता. ते पाहुण्यांना म्हणाले, "आमच्याकडे पूजा झालेल्या गाडीत पहिली फेरी वडीलधाऱ्यांची. या मावशी, बसा." आणि हात धरून त्यांनी माझ्या आईला मागच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर. आईने पदर सावरला, पाहुण्यांकडे बघून छान हसली. ड्रायव्हरने मागे वळून "घट्ट धरा हां मावशी" म्हटलं.

महिनाभर ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती आणि एकदाही मी ती अडवली नव्हती. मी पुढे गेलो.

"आये, उतर."

"आं?"

"उतर म्हणतोय ना. आत्ता."

आवाज जरा चढला असावा. पाहुणे बघायला लागले. शेठ हसत म्हणाले, "अरे, बसू दे की त्यांना. काय घाबरतोस?" पाहुण्यांच्या देखत काय सांगणार होतो? मी आईच्या दंडाला धरलं.

आई उतरली. तिचा चेहरा मी बघितला आणि तिला काय वाटलंय ते मला लगेच कळलं. ते कळायला मला पुष्कळ कारणं होती. कॉलेजात असताना मित्रांबरोबर नौपाड्यातून चाललो की समोर एका दवाखान्याच्या पायरीशी ती माशांची पाटी घेऊन बसलेली दिसायची, आणि मी त्यांना घेऊन आधीच्या गल्लीत वळायचो. एकदा नव्हे. तिने ते बघितलेलं असणार हे मला माहीत होतं. ती कधी बोलली नाही, मीही नाही. पदवीदानाला मी तिला बोलावलं नव्हतं, "लांब आहे, कशाला दगदग" म्हणून सांगितलेलं.

ती कुणाकडे न बघता दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि इस्टेटच्या रस्त्याला लागली. शेठ पाहुण्यांना "चहा घेऊ या आधी" म्हणत ऑफिसात घेऊन गेले. जाताना माझ्याकडे असं बघितलं की उद्यापासून मी नसलो तरी चालेल. मी आईच्या मागे धावलो.

"आये, थांब."

ती थांबली नाही. "खोपटला जाते. तिथून गावते एसटी."

"अगं, ऐक तर."

"काय ऐकू? त्या शेठला लाज नाय वाटली, त्या साहेबांना नाय वाटली. तुला वाटली." ती चालतच होती. "चांगलं लुगडं नेसले. नाहाले दोनदा. वास येत होता का मना?"

"तसं नाही गं! ते चाक फिरतंय. तू बसलीस त्याच्या खाली. ते फुटलं असतं तर..."

आता ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, पण विश्वास ठेवणारं बघणं नव्हतं ते.

"खोटं बोलू नको. आज खंडेनवमी. आज कोन चालवतो मशिन? हात ठेवला मी त्याच्यावर. गार होता. गप होता. होडीचं इंजिन चालू असलं तर दात वाजतात माझे, आन मना सांगतो फिरतंय."

"खरंच फिरतंय."

"एवढा शिकलास, जरा बरं खोटं तरी काढायचंस."

भर रस्त्यात मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, चल, दाखवतो. नाही पटलं तर जा. ती यायला तयार नव्हती. शेजारच्या शेडमधली माणसंही पूजेला आलेली, दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. बहुधा त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणूनच ती वळली.

अंगणात गाडी तशीच उभी होती. ड्रायव्हर पुढच्या सीटवर बसून वाट बघत होता, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून. मी मागची सीट उचलली. हार बाजूला केला. टूलबॉक्समधून लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला. बेअरिंग खराब झालंय का हे बघायला मेकॅनिक लोक करतात तसं त्याचं टोक डब्याला टेकवलं आणि मूठ आईच्या कानापाशी नेली.

"कान लाव."

तिने कान लावला. आधी कपाळाला आठ्या होत्या. मग त्या गेल्या. डोळे मोठे झाले आणि तिने चटका बसल्यासारखं डोकं मागे घेतलं.

"बारीक वाजतंय. शिट्टीसारखं."

"तेच चाक."

"सकाळपासून?"

"कालपासून."

तिने आपला उजवा तळवा उघडून बघितला. कुंकू होतं त्यावर. "आन हे फुटतं?"

"बहुतेक नाही फुटणार. फुटलं तर ह्या कड्यात अडेल असं वाटतं. पण अडतं का ते अजून बघितलेलं नाही. म्हणून तुला उतरवलं. लाज वाटली म्हणून नाही."

माझा जीव भांड्यात पडला होता. आता ती काहीतरी बोलेल, निदान चेहरा सैल करेल, असं वाटत होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होती. त्याच्या पाठीपासून तो डबा हातभर अंतरावर होता.

"हा रोज बसतो?"

मी एका हाताने सीट धरली आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बाबा, तू रोज बसतोस?" तिने त्यालाच विचारलं.

"रोज, मावशी. महिना झाला." तो मागे वळला होता. सगळं ऐकलं होतं त्याने.

"तुला म्हायती होतं हे?"

"नाही."

"तुजी आय हाय का रं?"

"आहे ना. शहाडला असते, माझ्याकडेच."

आई माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"मना उतरवलंस. ह्याला का नाय उतरवलं?"

काही उत्तरं तयार होती. दिवाळीनंतर चाचणी करणारच होतो. शेठला सांगितलं होतं. कड्याचं गणित बरोबर होतं. धोका फार थोडा होता. हे सगळं खरं होतं, आणि आईला सीटवर बघितल्यावर यातलं काहीएक मला आठवलं नव्हतं.

ड्रायव्हरच म्हणाला. सावकाश, जणू एखादा हिशेब जुळल्यासारखा. "साहेब, तुम्ही कायम त्या भिंतीमागं का बसता ते आज कळलं."

मी भिंतीकडे बघितलं. माझं टेबल तिथे होतं, त्यावर सकाळी कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलेलं.

आईने मी उचलून धरलेली सीट माझ्या हातातून घेतली, खाली टाकली आणि वर चढून बसली.

"आये!"

"त्याला उतरव, मग मी उतरते."

तेवढ्यात शेठ पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं रुसवा निघाला. "हां, असं पाहिजे! चला मावशी, घ्या फेरी!" पाहुणे हसत अंगणाच्या कडेला उभे राहिले. ड्रायव्हर चावीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. चावी फिरवत नव्हता आणि उतरतही नव्हता. त्याची नोकरी शेठच्या हातात होती. आपण होऊन त्याला उतरता येणार नव्हतं. मला बोलता येत होतं.

मी म्हणालो, "खाली उतरा."

त्याला मी रोज एकेरी हाक मारायचो. त्या वेळी अहोजाहो का तोंडात आलं, कळलं नाही. मग शेठकडे आणि पाहुण्यांकडे वळून मी म्हणालो, "गाडी आज फिरणार नाही. कडं तपासलेलं नाही. चाक फुटलं तर तुकडे अडतील की नाही, मला माहीत नाही."

ड्रायव्हर उतरला. मग आई उतरली. पाहुण्यांतल्या मुख्य माणसाने शांतपणे विचारलं, "पण गाडी महिनाभर चालतेय ना?" मी "हो" म्हणालो. त्याने आधी ड्रायव्हरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याने आणखी काही विचारलं नाही. तिघे प्रसाद घेऊन निघून गेले आणि परत आले नाहीत.

शेठनी मला काढलं नाही. दोन आठवडे बोलले मात्र नाहीत. दिवाळीनंतर दुसरं चाक टर्न झालं आणि जुनं चाक आम्ही शेडच्या मागे खड्ड्यात, रेतीच्या गोण्या रचून फोडलं. आवाज इतका झाला की इस्टेटमधली माणसं धावत आली. गोण्या हलवून बघितलं तर कडं एका बाजूने फुगलं होतं, पण फाटलं नव्हतं. एकही तुकडा बाहेर गेला नव्हता. माझं गणित बरोबर निघालं. शेठनी माझी पाठ थोपटली. चारचौघांत हे सांगायला मला आवडायला हवं होतं, पण मी कधी सांगत नाही. ते बरोबर असल्याचं मला त्या महिन्यात माहीत नव्हतं. माहीत नसताना मी भिंतीमागे बसलो होतो आणि तो सीटवर.

नवं चाक आणि नवं कडं बसवल्यावर गाडी परत अंगणात काढली. ड्रायव्हर चावी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. पूर्वीसारखी गंमत नाही, काही नाही.

"आधी तुम्ही बसा, साहेब."

मी मागे बसलो. बराच वेळ आम्ही गोल फिरत राहिलो. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर प्रत्येक फेरीला मी बसत गेलो आणि भिंतीमागचं टेबल काढून टाकलं. आमच्यात पुन्हा गप्पा मात्र झाल्या नाहीत. वर्षभराने तो कल्याणच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये गेला. निरोपाला पेढे वाटले, मलाही दिला.

पहिल्यांदा गाडीत बसलो त्या संध्याकाळी डोंबिवलीला घरी आल्यावर आईला सांगितलं. ती मोरीत बसून निवट्या साफ करत होती.

"आज मी बसलो त्या गाडीत."

"आन तो?"

"तो चालवत होता."

"त्याला सांगितलंस का, कडं बरोबर हाय म्हनून?"

"दाखवलं. फुगलेलं कडं त्याच्या हातात दिलं."

"बरं केलंस." तिने राखेत हात बुडवून पुढचा मासा घेतला. मग वर न बघता विचारलं, "ते चाक नसतं, साधी गाडी असती, तर त्या साहेबांसमोर मना बसू दिलं असतंस?"

"हो," मी म्हणालो.

पण ते म्हणायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने हातातल्या माशाचं पोट साफ करून तो बाजूला टाकला होता आणि दुसरा उचलला होता.